चवथीला पोरांना स्वयंपाकघराबाहेर बसवायचं म्हणे!

हळदीचं_पान
काल ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं की चवथीच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात मुलांच्या हातात मोबाइल द्या आणि त्यांना हॉलमध्ये बसवा, आत आली की नुसता पसारा, आणि नेवऱ्या (आमच्या करंज्या) काय आता सगळीकडे विकत मिळतात. खाली अंगठ्यांची रांग! वाचून इतका संताप झाला की रात्री झोप नाही आली, म्हणून इथे लिहितेय.

माझी आजी मडकईची, तिने एक ओळ कधी लिहून ठेवली नाही. पातोळ्यांचं, म्हणजे हळदीच्या पानात वाफवायच्या गोडाचं, पीठ पानावर किती पातळ हवं ते मला कळतं कारण मी 6 वर्षांची असताना तिने माझ्यापुढे हळदीचं पान ठेवलं आणि म्हणाली, "पातळ लाय गो, पान दिसूंक जाय." मी थापायचे जाड, ती बोटाने निपटून परत वाटीत टाकायची. पिठाखालून पानाच्या शिरा दिसल्या की झालं. हे माप कुठल्या व्हिडिओत सांगतात? आता नागपंचमीला माझा मुलगा चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) भरतो, नेहमी जास्तच भरतो, मग पान दुमडलं की कडेने गूळ गळतो आणि वाफेत पानाला चिकटून बसतो, ते पान चाटायचा मान त्याचा. पसारा होतो, हो. पुसायला फडका आहे घरात.

दोन_पोरांची_आई
ती पोस्ट माझीच. तुमच्याकडे आजी होती, शेजारी बसून शिकवत होती. मला 2 दिवस सुट्टी, मूळ घरात जेवायला 30 माणसं, सकाळी उठल्यापासून खतखतं, मुगागाठी, वडे, मणगणं, वर नैवेद्याची घाई आणि सासूबाईंचं सोवळं. त्यात धाकटी येऊन कढईच्या कानाला लोंबकळली. तेल माझ्या पायावर सांडलं, तिच्यावर नाही, देवाची कृपा. डाग अजून आहे. परंपरा परंपरा म्हणता ती कुणाच्या कंबरेवर उभी आहे ते पण लिहा. पुरुष माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट) बांधतात, फोटो टाकतात आणि भजनाला जातात.

साखळीकर
माटोळीला नावं ठेवू नका. आम्ही 3-3 दिवस रानात फिरतो, कांगलां, घागऱ्या, हरणं, कवंडळ शोधायला, सुपारीची शिपटी उतरवायला. आता बाजारातून तयार जुडी आणतात आणि पोराला विचारा यातलं कवंडळ कुठलं, गप्प. मी माझ्या पुतण्याला बरोबर नेतो, तो चिखलात पडतो, जळवा लागतात, पण नावं पाठ आहेत त्याला.

दोन_पोरांची_आई
न्या की. मुलीला पण न्या मग.

वास्कोकर
एवढं भांडण कशाला, करंज्यांचा साचा घ्या ना. पारी ठेवायची, सारण भरायचं, दाबायचं. माझी 5 वर्षांची नात अर्ध्या तासात 20 करंज्या करते, सुरी नाही, तेल नाही.

पेडणेकार
पहिली गोष्ट, करंज्या नव्हे, नेवऱ्या. दुसरी, साचा आला आणि मुरड गेली. माझ्या आईची मुरड बघायला शेजारणी यायच्या, अंगठा आणि पहिलं बोट, चिमटा काढायचा, दुमडायचा, पुढे सरकायचं, कडेला दोरी वळल्यासारखी दिसायची. अशी नेवरी तेलात कधी फुटत नाही. साच्यातली फुटते, मग चून तेलात जळतं आणि पुढच्या सगळ्या नेवऱ्या काळ्या.

वास्कोकर
आम्ही घरात करंजी म्हणतो, माझी आई रत्नागिरीची. गोव्यात 40 वर्षं राहून पण शब्दावरून परकं ठरवणार काय? आणि माझी एकही फुटली नाही. कडेला पाण्याचं बोट फिरवायचं असतं.

म्हापशेकर
आमच्या बार्देसात मुरड कुणी घालत नव्हतं, कातणच फिरवायचे. कातण पोरांचंच काम, आम्ही भावंडं त्यावरून मारामारी करायचो. कापलेल्या कडा गोळा करून शेवटी तळायच्या, त्या पोरांच्या. मुरडच खरी आणि बाकीचं खोटं हे कुणी ठरवलं?

पेडणेकार
कातण चालेल, त्याला हात लागतो. प्लास्टिकचा साचा मला चालत नाही. सोपं म्हणून हळूहळू सगळंच सोडायचं असेल तर सोडा.

वास्कोकर
मला संधिवात आहे. सकाळी बोटं मिटत नाहीत. साचा नसता तर गेली 4 वर्षं माझ्या घरात गणपतीपुढे विकतचं ताट गेलं असतं. आता बोला.

पेडणेकार
हे माहीत नव्हतं. बोललो त्यातलं तुमच्याबद्दलचं मागे घेतो, साचा वापरा. पण नातीची बोटं चांगली आहेत ना, तिला 2 तरी हाताने करू द्या. वाकड्या होऊ देत.

हळदीचं_पान
मूळ मुद्दा राहिला. आमच्या शेजारची आंटी 15 ऑगस्टला सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला पातोळ्या करते, तिच्याकडे पीठ लावायला सगळी नातवंडं ओळीने बसतात, मुलगे पण. त्या दिवशी तिच्या पातोळ्या आमच्याकडे येतात, चवथीला आमच्या नेवऱ्या तिच्याकडे जातात. विकतचा डबा मी तिला कुठल्या तोंडाने देऊ?

दोन_पोरांची_आई
विकत घेणाऱ्यांना तोंड नसतं असं समजू नका. घरी नेवऱ्या करून विकणाऱ्या बायकांचीही चवथ त्याच पैशांवर होते.

कढईपाशी पोरं नकोत ते नकोतच, यात मी मागे हटणार नाही. पण तळण तिसऱ्या प्रहरी असतं, चून आदल्या रात्री शिजवता येतं, हे खरं, तेव्हा बसवता येईल दोघांना. दोघांना म्हणजे थोरल्या मुलाला पण. आणि नारळ खवायला आदोळीवर नवरा बसणार, 10 नारळ, एक पण कमी नाही. तो बसला तरच बाकीचं.

साखळीकर
आदोळीवर मी बसतो दरवर्षी. पाठ मोडते.

दोन_पोरांची_आई
मग आता कळलं असेल. बरं, कुंडीतली हळद यंदा कुजली, पानं कुठे मिळतील?

म्हापशेकर
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात या, लवकर या, 9 नंतर फाटकी उरतात. लांबच लांब नको, रुंद बघून घ्या, पोरांना लावायला सोपी.