इटलीत होस्ट फॅमिलीबरोबर वीकेंड: रावेन्ना, आजीकडे मुक्काम आणि सान मारिनो. तयारी काय हवी?

रानजाई

लेक १६ वर्षांची आहे, वर्षभराच्या स्टुडंट एक्सचेंजवर पुण्याहून बोलोन्याला गेली आहे. होस्ट फॅमिली मार्चमधल्या एका शनिवार-रविवारी तिला फिरायला नेणार आहे. बेत असा: शनिवारी शाळा सुटल्यावर कारने रावेन्ना, रात्री जवळच्या गावात होस्ट आईच्या आईकडे मुक्काम. रविवारी दुपारचं जेवण आजीकडेच, मग सान मारिनो. संध्याकाळी ती आणि तिची होस्ट बहीण रिमिनीहून ट्रेनने बोलोन्याला परतणार, मोठी माणसं आजीकडे थांबणार.

शनिवारी हातात तीन-साडेतीन तास असतील, त्यात काय पाहावं? सान मारिनो हा वेगळा देश आहे आणि तिचा पेर्मेसो (इटलीतला निवास परवाना) अजून हातात आलेला नाही, फक्त पोस्टाची पावती आहे. ती शाकाहारी आहे, अंडं खाते. आजीला न दुखावता हे कसं सांगायचं? आणि भेट, तिकिटांचे पैसे, यांचा तिथे काय रिवाज आहे?

दगडफूल

आधी रावेन्ना, म्हणजे तिथली मोझेइकं (रंगीत काचेचे तुकडे जडवून केलेली भिंतीचित्रं). बोलोन्याहून साधारण ८० किमी, हायवेने तासाभराचा रस्ता. पण इटलीत बऱ्याच शाळा शनिवारीही दुपारपर्यंत असतात, त्यामुळे जेवून निघालं की पोचायला तीन वाजतात. म्हणून सगळं पाहण्याचा हट्ट नको.

सान वितालेची बॅसिलिका, गाल्ला प्लाचिदियाचं समाधिमंदिर, सांत'अपोल्लिनारे नुओवो, नेओनियानो बाप्तिस्तेरी (बाप्तिस्म्यासाठीची वास्तू) आणि आर्चबिशपच्या संग्रहालयातलं छोटं प्रार्थनाघर या पाचांचं एकत्र तिकीट असतं, सुटं मिळत नाही. प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येतं. गाल्ला प्लाचिदिया आणि नेओनियानो यांना वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो, कारण आत जागा जेमतेम आणि माणसं मोजून सोडतात. गोंधळ होतो तो इथेच: तिकीट घेतलं, स्लॉट घेतला नाही, की शनिवारी दुपारी थेट संध्याकाळची वेळ हाती येते. ऑनलाइन तिकीट काढतानाच दोन्ही स्लॉट घ्यायला होस्ट आईला सांगावं, आणि दोहोंत निदान तासाभराचं अंतर ठेवावं.

क्रम असा ठेवला तर उलटसुलट चालणं होत नाही. सुरुवात गाल्ला प्लाचिदियाने. आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात आणि खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तक्ते असल्यामुळे उजेड मंद पिवळसर असतो. बाहेरच्या उन्हातून गेलं की पहिलं एक मिनिट काही दिसतच नाही. रांगेत उभं असताना फोन बंद करून सावलीत थांबावं, डोळे आधीच सरावतात. पाचव्या शतकातली वास्तू आहे. वर गडद निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आणि मधोमध क्रॉस. फोटो काढण्यात ती पाच मिनिटं घालवू नयेत.

त्याच आवारात सान विताले, इ. स. ५४७ मध्ये प्रतिष्ठापना झालेली. इथे घाई नको, पाऊण तास द्यावा. वेदीच्या अर्धगोलात एका बाजूला सम्राट जस्टिनियन, समोर सम्राज्ञी थिओडोरा. जस्टिनियनशेजारच्या धर्माध्यक्षाच्या डोक्यावर नाव लिहिलंय: माक्सिमियानुस. प्रतिष्ठापना त्यानेच केली. थिओडोराच्या वस्त्राच्या काठावर भेटी घेऊन निघालेले पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष विणलेले दिसतात, ते आवर्जून शोधावेत. तेच तिघे नंतर सांत'अपोल्लिनारे नुओवोत लाल टोप्या घालून मोठ्या आकारात भेटतात.

मोझेइक एका जागी उभं राहून पाहायची वस्तू नाही. काचेचे तुकडे मुद्दाम किंचित वेगवेगळ्या कोनांत बसवलेले असतात आणि सोनेरी तुकड्यांत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो. चार पावलं डावीकडे गेलं की काळपट वाटलेला भाग उजळतो. म्हणून चालत पाहायचं. फ्लॅश वापरू देत नाहीत, आणि फ्लॅशने ही सगळी जादू सपाटच होते.

तिथून दहा-बारा मिनिटं चालून नेओनियानो आणि त्याला लागून आर्चबिशपचं संग्रहालय. पुढे दान्तेची समाधी (त्याचा मृत्यू इथेच, १३२१ मध्ये), तिला तिकीट नाही. शेजारच्या सान फ्रान्चेस्को चर्चच्या वेदीखालच्या तळघरात पाणी साचलेलं असतं, त्यात मासे पोहतात आणि पाण्याखाली जुनी मोझेइकची फरशी दिसते. शेवटी सांत'अपोल्लिनारे नुओवो. ही थिओडोरिक राजाने बांधवलेली. उजव्या भिंतीवर त्याच्या राजवाड्याचं चित्र आहे. सत्ता बदलल्यावर त्यातली त्याच्या दरबाराची माणसं काढून तिथे पडदे बसवले, पण काही खांबांवर त्या माणसांचे हात तसेच राहून गेले. वर पाहून मान दुखते, छोटी दुर्बीण असेल तर न्यावी.

वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या थोडा आधीच थांबतो. उशीर झालाच तर संग्रहालय सोडावं, बाकीचं नाही.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बॅगेत एक ओढणी असली की काम भागतं.

पाणपोई

कागदपत्रांबद्दल. सान मारिनोच्या सीमेवर तपासणी नाही, रस्त्यावर फक्त पाटी लागते, चलनही युरोच. इटलीत वैध असलेल्या विद्यार्थ्याला तिथे दिवसभर जाऊन येण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पेर्मेसोच्या पावतीवर शेजारच्या शेंगेन देशात जाणं मात्र निराळं. स्टडी व्हिसाची मुदत संपली असेल आणि हातात नुसती पावती असेल, तर ल्युब्लियाना (स्लोव्हेनिया) किंवा लुगानोचा (स्वित्झर्लंड) बेत करू नये. स्लोव्हेनियाच्या हद्दीवर इटलीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

मूळ पासपोर्ट आणि मूळ पावती, दोन्ही बरोबर असू द्या. हरवेल या भीतीने मुलं झेरॉक्स घेऊन फिरतात, पण इटलीच्या कायद्यात परदेशी व्यक्तीने मागितल्यावर पासपोर्ट आणि पेर्मेसो दाखवणं बंधनकारक आहे. झेरॉक्स आणि फोनमधला फोटो हे जास्तीचे, मूळच्या जागी नाहीत. सान मारिनोच्या पर्यटन कार्यालयात पैसे भरून पासपोर्टवर स्मरणिका म्हणून शिक्का मारून मिळतो. माझं मत: घेऊ नये. तोच पासपोर्ट पुढे क्वेस्तुरात (पेर्मेसो देणाऱ्या पोलिस कार्यालयात) दाखवायचा आहे, त्यात हौसेचे शिक्के कशाला?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट संस्थेची परवानगी. रोटरी असो वा एएफएस (इटलीत तिचं काम इंतरकुल्तुरा पाहते), देशाबाहेरच्या प्रवासाला आधी कळवून परवानगी घ्यावी लागते, आणि नकाशावर सान मारिनो हा देशच आहे. "अर्ध्या तासाचं तर अंतर आहे" म्हणून होस्ट फॅमिलीच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्यांना ते परदेश वाटतच नाही. स्थानिक समन्वयकाला चार-पाच दिवस आधी मेल करावा: कोण बरोबर आहे, कुठे मुक्काम, परत कसं येणार. दोन अल्पवयीन मुली ट्रेनने परतणार आहेत हे त्यात स्पष्ट लिहावं. काही घडलं तर विमा कंपनी हेच कागद मागते.

वर थोडी चढण आणि दगडी फरसबंदी आहे, वारा बोचरा असतो. तीन मनोऱ्यांपैकी ग्वाइता आणि चेस्ता आतून पाहता येतात, तिसरा मोन्ताले फक्त बाहेरून. गाडी खाली बोर्गो माज्जोरेला लावून केबल कारने वर जाणं सोपं. तिकीट काढताना परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ पाहून घ्यावी.

हिंगाष्टक

जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून रोमान्या भागात (रावेन्ना-रिमिनीचा हा पट्टा) काम होत नाही. आजीच्या दृष्टीने ताटात मांसाचा तुकडा नसला की पदार्थ शाकाहारी. चरबी आणि रस्सा हे तिच्या हिशोबात मांस नसतात.

कुठे काय लपलेलं असतं ते पाहा. पियादिना ही तिथली पोळी, पारंपरिक कृतीत पिठात स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाची वेगळी मागावी लागते. काप्पेल्लेत्तीच्या (सारण भरलेला छोटा पास्ता) आत रोमान्यात बहुधा चीजच असतं, पण त्या कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या रश्श्यात शिजतात. बोलोन्याच्या तोर्तेल्लिनीत मात्र आतच डुकराचं मांस. पास्सातेल्ली ब्रेडचा चुरा, अंडं आणि पार्मिज्यानोचे, पण तेही रश्श्यातच. याच पास्सातेल्ली रश्श्याशिवाय, भाजीबरोबर कोरड्याही करतात, तशा मागता येतात. सॉससाठी तळलेल्या कांद्यात पान्चेत्ता (खारवलेलं डुकराचं मांस) सहज पडतो. पान्ना कोत्तात जिलेटिन. झुप्पा इंग्लेझेत आल्केर्मेस नावाची लाल मद्यार्काची लिकर असते आणि तिचा रंग परंपरेने किड्यांपासूनचा. पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज वासराच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या विरजणाने) लावलेलं असतं, त्याला पर्याय नाही. ते खायचं की नाही हे लेकीने घरून निघण्याआधी ठरवावं, ताटावर बसून नाही.

निर्धास्त खाता येण्याजोगं: स्त्रोत्झाप्रेती (पीठ-पाण्याचा पास्ता, बहुधा अंड्याविना) टोमॅटो किंवा पोर्चिनी मशरूमबरोबर, भाजलेल्या भाज्या, उकडलेला पालेभाजीचा गोळा ऑलिव्ह तेलात परतलेला, बटाटे. चीज चालत असेल तर रिकोत्ता-पालक भरलेले तोर्तेल्ली लोणी-सेजमध्ये. ते त्या भागात घरोघरी होतात आणि आजीला ते करायला आवडतात. हे नाव घेऊनच सुचवावं.

सांगायचं आधी आणि होस्ट आईतर्फे. आजीने शनिवारी सकाळी रस्सा चढवलेला असतो, रविवारी बाराला सांगून काय उपयोग! मुलीने हे वाक्य पाठ करावं: "नोन मांजो ने कार्ने ने पेशे, नेम्मेनो इल ब्रोदो दी कार्ने ओ लो स्त्रुत्तो. लुओवो सी." म्हणजे मांस-मासे नाही, मांसाचा रस्सा आणि डुकराची चरबीही नाही, अंडं चालतं. नकाराची यादी संपल्यावर लगेच होकाराचं काही बोललं की ऐकणाऱ्याची काळजी कमी होते.

रविवारचं जेवण लांब चालतं. आधी पास्ता, मग दुसरा पदार्थ आणि भाजी, मग फळ, गोड, कॉफी. पहिल्या ताटलीत पोट भरू नये. दुसऱ्यांदा वाढायला आलं तर "पोकिस्सीमो" (अगदी थोडं) म्हणून चमचाभर घ्यावं. ते "बास्ता" (पुरे) पेक्षा गोड वाटतं, आणि आजी खूश.

रानजाई

फार उपयोगी, मनापासून धन्यवाद. भेटीचं आणि ट्रेनचं कुणी सांगेल का? इथून कुरिअरने तुपातले लाडू आणि पेढे पाठवायचा विचार होता.

चौथी सीट

पेढे आणि लाडू नका पाठवू. युरोपियन संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानात किंवा पार्सलमधून नेता येत नाहीत, कस्टम्समध्ये जप्त होतात. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, मसाला चालतो. पण आजीकडे जाताना तिथला रिवाज वेगळा: पास्तिच्चेरियातून (पेस्ट्रीच्या दुकानातून) छोट्या पेस्ट्र्यांचा ट्रे घेऊन जायचा, "उन वास्सोयो दी पास्ते" म्हणून. साधारण दहा-बारा नग, चौकोनी कागदात बांधून देतात. शनिवारी संध्याकाळीच घ्यावा, कारण रविवारी दुपारी लहान गावात दुकानं बंद असतात. फुलं न्यायची तर शेवंती नको, इटलीत ती स्मशानात नेतात. दारातून आत जाताना "पेर्मेस्सो" ("येऊ का?" या अर्थाने) म्हणायचं, ती आपसूक येणारी सभ्यता आहे.

पैसे: रोटरी आणि एएफएसच्या होस्ट फॅमिलीला मोबदला मिळत नाही, ते स्वेच्छेने मूल ठेवून घेतात. कुटुंबाबरोबरचं जेवण बहुधा तेच भरतात. मोझेइकच्या एकत्र तिकिटाचे आणि केबल कारचे पैसे लेकीने आपल्या पाकिटातून देऊ करावेत, ते नाही म्हणाले तर एकदाच आग्रह, पुन्हा नाही. रावेन्नातलं थिओडोरिकचं समाधिस्थळ आणि आरियन बाप्तिस्तेरी ही सरकारी आहेत, तिथे १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, कोणत्याही देशाचे असोत. वय दाखवायला पासपोर्ट लागेल. रेस्तराँच्या बिलात माणशी "कोपेर्तो" (टेबलावर बसण्याचं शुल्क) येतो, ती टीप नाही आणि चूकही नाही.

आता ट्रेन. रिमिनी ते बोलोन्या रेज्योनाले (प्रादेशिक) गाड्या वारंवार आहेत, सव्वा ते दीड तास. कागदी तिकीट घेतलं तर प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये ते शिक्का मारून घेतल्याशिवाय चढायचं नाही. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि "विसरले" हे तपासनीस ऐकत नाही. शिक्का मारल्यापासून चार तास चालतं. ॲपमधलं तिकीट असेल तर चेक-इन झाल्याचं स्क्रीनवर दिसतंय ना, हे चढण्याआधी पाहावं. फ्रेच्चा (हायस्पीड गाडी) किंवा इंटरसिटीचं तिकीट असेल तर सीट आणि गाडी ठरलेली, शिक्का लागत नाही, पण दुसऱ्या गाडीत बसता येत नाही.

संपाची तारीख आधी तपासा. रेल्वेचे संप बरेचदा शनिवारी रात्री ९ ते रविवारी रात्री ९ असे असतात. संपातही गाड्या धावण्याची हमी असते ती सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९, पण ती कामाच्या दिवशी. रविवारी त्या भरवशावर राहू नका. संप असेल तर मुलींना कारने परत आणायचं आधीच ठरवून ठेवा. होस्ट आई-बाबांनी त्यांना सान मारिनोहून थेट रिमिनी स्टेशनवर सोडावं, बसवर अवलंबून राहू नये.

बोलोन्या चेंत्राले हे स्टेशन मोठं आहे. रेज्योनाले वरच्या प्लॅटफॉर्मवर येतात, हायस्पीड खाली. उतरल्यावर कोण घ्यायला येणार त्याचं नाव आणि फोन दोघींच्याही फोनमध्ये असू द्या. आणीबाणीचा नंबर ११२.

दगडफूल

एक राहिलं. रविवारी आजीकडून सान मारिनोला जाताना क्लास्से वाटेवर पडत असेल तर सांत'अपोल्लिनारे इन क्लास्से नक्की पाहा, शहरापासून पाच किमीवर, ५४९ मधलं. हिरव्या कुरणातल्या मेंढ्यांचं मोझेइक रावेन्नातल्या इतर सगळ्यांपेक्षा निराळं आहे. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, म्हणून दर्शकांची वेळ पाहून जेवणानंतरच थांबावं. पाऊण तास पुरतो, पण मग सान मारिनोत एकच मनोरा होईल. तो ग्वाइता ठेवा.