मदत हवी आहे: पाण्याचा थेंब कोडमध्ये साडेतीन पट लवकर वाळतोय, कायनेटिक (रेणूंच्या पातळीवरचं) मॉडेल लावावं लागेल का?

नमस्कार मंडळी, एमटेकचा प्रोजेक्ट आहे, पाण्याचा एक थेंब हवेत कसा वाळतो त्याचं पायथनमध्ये मॉडेल करतेय आणि दोन आठवडे एकाच जागी अडकलेय. व्यास ५० मायक्रॉन, हवा २५ अंश, आर्द्रता ५० टक्के. लॅबमधले सीनियर असा थेंब इलेक्ट्रोडायनॅमिक बॅलन्समध्ये तरंगत ठेवतात, त्यांच्या मापात तो संपायला ३.७ सेकंद लागतात. माझ्या कोडमध्ये १.०८ सेकंदात गायब!

मॅक्सवेलचं साधं डिफ्युजनचं (वाफ हवेत पसरत जाण्याचं) समीकरण वापरलंय. मग वाटलं की रेणू पृष्ठभागावरून सुटतानाच अडत असतील, म्हणून हर्ट्झ-नुडसेन (पृष्ठभागावरून रेणू सुटण्याच्या वेगाचं सूत्र) जोडलं आणि त्यातला आल्फा (इव्हॅपोरेशन कोएफिशंट; १ म्हणजे सुटताना काही अडथळा नाही, जितका कमी तितका जास्त) कमी करत करत ०.००५५ वर आणला तर ३.७ बरोब्बर जुळलं, जाम खूश झाले. पण तोच आल्फा २० मायक्रॉनच्या थेंबाला लावला तर मॉडेल म्हणतं सव्वा सेकंद आणि मापात आहे ०.६. आता गाईड म्हणतायत थेट बोल्ट्झमन समीकरण (वायूतल्या रेणूंच्या वेगांचा हिशोब ठेवणारं) सोडव, पृष्ठभागालगतचा नुडसेन लेयर (जिथे वायू सलग धरता येत नाही तो पातळ थर) पकड. त्यात अख्खं सेमिस्टर जाईल. खरंच गरज आहे का?

उत्तर १
थांबा, बोल्ट्झमनला हात लावू नका. आधी तुमचाच डेटा बघा. ५० ला ३.७ आणि २० ला ०.६, म्हणजे व्यास अडीच पट आणि वेळ सहा पटींच्या वर, अडीचचा वर्ग सव्वासहा. व्यासाच्या वर्गाचा नियम व्यवस्थित पाळला जातोय, म्हणजे डिफ्युजनच राज्य करतंय. अडथळा पृष्ठभागावर असता तर वेळ नुसत्या व्यासाच्या पटीत वाढला असता.

दुसरं म्हणजे डिफ्युजन कोएफिशंटची (वाफ हवेत किती भरभर पसरते तो आकडा) चौपट करून तिला वाफेच्या रेणूंच्या सरासरी वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५९० मीटरने भागा. ०.१७ मायक्रॉन येतं. आल्फा १ असेल तर पृष्ठभागाचा अडथळा एवढाच, आणि तुमची त्रिज्या २५ मायक्रॉन, एक टक्कासुद्धा फरक नाही. ०.००५५ ने तीच लांबी ३० मायक्रॉन होते, त्रिज्येहूनही मोठी. आल्फाला तुम्ही कचराकुंडी केलीय, दुसरीकडची चूक त्यात भरलीय.

थेंबाचं तापमान किती धरलंय?

धागाकर्ती
२५ च, हवेचं तेच.

उत्तर १
तिथेच मेख आहे. माठातलं पाणी गार का होतं? बाष्पीभवनाची उष्णता थेंबातूनच जाते आणि हवेतून तेवढी परत येईपर्यंत तो गार होत जातो. तुमच्या हवेत साधारण साडेसतरा अंशांवर थांबेल. २५ ला पृष्ठभागावरचा बाष्पदाब ३१७० पास्कल, साडेसतराला २००० च्या आसपास, आणि हवेत आधीच १५८५ आहे. म्हणजे वाफ ढकलणारा फरक १५८५ वरून चारशे-साडेचारशेवर आला, तुमचे साडेतीन पट इथे गेले. उष्णता येणारी आणि वाफेबरोबर जाणारी सारखी करा आणि त्यातून तापमान काढा. गार व्हायला सेकंदाचे दोन-तीन शतांशच लागतात, त्यामुळे सुरुवातीचा तो भाग सोडला तरी चालेल.

उत्तर २
+१. कायनेटिक बाजू अगदीच निरुपयोगी नाही हं. मायक्रॉनच्या खालचे एरोसोल किंवा व्हॅक्यूमकडे झुकलेला गॅस असेल तर रेणूंचा मुक्त पल्ला (दोन टकरींमधलं सरासरी अंतर, साध्या हवेत ०.०७ मायक्रॉनच्या आसपास) आणि त्रिज्या एकमेकांजवळ येतात. तिथेही आधी फुक्स-सुतुगिनचं करेक्शन (डिफ्युजनच्या सूत्राला लावायचा तयार गुणक) लावून बघतात. तुमच्या थेंबाची त्रिज्या १ मायक्रॉन होते तेव्हा जेमतेम ६ मिलिसेकंद उरलेले असतात.

धागाकर्ती
आल्फा १ केला, थेंबाचं तापमान उष्णतेच्या हिशोबातून काढलं, ४ सेकंद आले!! २० मायक्रॉनला ०.६४. अजून थोडा फरक आहे, तो कशाचा?

उत्तर १
चेंबरमध्ये हवा सोडतात का? सेकंदाला ३ सेंटीमीटर वेग असला तरी रान्झ-मार्शलने (वाहत्या हवेचा परिणाम धरणारं सूत्र) बाष्पीभवन सात-आठ टक्के वाढतं.

धागाकर्ती
सीनियरना विचारलं, आर्द्रता टिकवायला हळू सोडतातच म्हणाले, मला सांगायचं राहिलं. आता गाईडना कसं सांगू तेवढं बघते 😅