जुन्या टीव्ही मालिकांचे हरवलेले भाग : तुम्ही कुठे कुठे शोधलेत?

गिरगावची पोर
परवा एका बारशाला आईची जुनी शेजारीण भेटली. मला बघून पहिलं वाक्य, "अगो तुझी आई टीव्हीवर आली होती, आख्खी चाळ आमच्या खोलीत बसली होती बघायला!" मला हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन आईला खोदून खोदून विचारलं. १९७८ च्या आसपासची गोष्ट, आई चौथीत, दूरदर्शनच्या 'किलबिल' या मुलांच्या कार्यक्रमात शाळेच्या मुलींचं समूहगीत होतं, वरळीच्या दूरदर्शन केंद्रावर बसने नेलं होतं. आजीने पिवळा फ्रॉक शिवला होता आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे तो पांढरा दिसला म्हणे. 'म्हणे' कारण आईने स्वतःला बघितलंच नाही. चाळीने बघितलं, तिने नाही! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, तो भाग कुठेतरी असेल का? यूट्यूबवर किलबिल टाकलं की आताच्या बालगीतांचा ढीग येतो. तुम्ही कोणी असा जुना भाग शोधलाय का? सापडला नसेल तरी लिहा, कुठलीही मालिका चालेल.

पार्लेकर बंड्या
चिमणराव!! दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. मला नेटवर मोजकेच भाग मिळतात, तेही कॉपीची कॉपी केलेले, चेहरे पुसट. माझ्या बाबांना आता फार चालवत नाही, दुपारी फोनवर तेच तेच लावून देतो आणि पुढचा संवाद ते आधी म्हणतात. बाकीचे भाग मिळाले तर बाबांसाठी मी काय वाट्टेल ते करीन.

सुगरण_८२
बंड्या अगदी अगदी. आणि नाटुकल्यांचा तो 'गजरा'? विनायक चासकर, विनय आपटे, केवढी माणसं त्यातून पुढे आली. कुकर लावलाय, नंतर येते.

टॉवरखालची
मी वरळीचीच, आमच्या गच्चीतून टीव्हीचा टॉवर अजून दिसतो. गंमत म्हणजे एवढ्या जवळ असून आमच्याकडेच चित्राला भुतं दिसायची, दोन दोन माणसं. बाबा गच्चीत अँटेना फिरवायचे, दादा जिन्यात आणि मी खिडकीत, "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "गेलं गेलं, परत फिरवा!" शनिवारी मराठी सिनेमाच्या वेळी तर सगळ्या गच्च्यांवर एकेक बाबा. आणि ऐन रंगात 'व्यत्यय'. विषय सोडून लिहिलं पण आठवलं ते लिहिलं.

जुनी_टेप
मी बरीच वर्षं अंधेरीत एडिटिंगला होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, गिरगावची पोर तुला उपयोगी पडेल. त्या काळी व्हिडिओ टेप परदेशातून यायची आणि भयंकर महाग, म्हणून जगभरची टीव्ही केंद्रं एकच टेप पुसून पुसून वापरायची. पुन्हा कधी कोणी बघेल, विकत घेईल, ही कल्पनाच नव्हती, घरात व्हीसीआर कुणाकडे होता? बीबीसीसारख्या संस्थेनेसुद्धा 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे १९६० च्या दशकातले ढीगभर भाग असेच घालवले. आणि बरेचसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, त्यांची टेप मुळात झालीच नाही, ते शोधून सापडणार नाहीत.

पण आशेला जागा आहे. डॉक्टर हूचे ९ हरवलेले भाग २०१३ मध्ये नायजेरियात मिळाले. परदेशातल्या केंद्रांना दाखवायला फिल्मवर प्रती करून पाठवलेल्या, त्यातल्या काही तिकडेच राहिल्या. म्हणजे मूळ जागी नसेल तर प्रत कुणाकुणाकडे गेली असेल ते शोधायचं. आपल्याकडे १९८४ ला 'हम लोग' आलं, मग प्रायोजित मालिकांची लाट, त्या बाहेरचे निर्माते बनवायचे. अशा मालिकांच्या टेप निर्मात्यांच्या घरी, गोदामात असण्याची शक्यता जास्त. किलबिल पडला केंद्राचा स्वतःचा कार्यक्रम, तिथे काम कठीण.

तर पहिला प्रश्न आईला हा विचार : दाखवलं तेव्हा ती कुठे होती? स्टुडिओतच असेल तर थेट प्रक्षेपण, विषय संपला. दुसरीकडे कुठे असेल तर रेकॉर्डिंग झालेलं, म्हणजे टेप होती.

गिरगावची पोर
काका हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आई भाजी आणायला गेलीय, आली की विचारते.

माहीमचा हलवा
आमच्या ताईने 'गोट्या' मालिका व्हीएचएस कॅसेटवर घेतली होती. गणपतीची साफसफाई करताना माळ्यावरून कॅसेट निघाल्या. कोणाला ती दुपारी लागणारी मालिका आठवते का ज्यात पोलीस इन्स्पेक्टर केस सोडवायचा, शिवाजी साटम होते, सीआयडीच्या आधी? नाव ओठावर आहे.

पार्लेकर बंड्या
एक शून्य शून्य. दुपारी?? आम्ही तर रात्री जेवताना बघायचो.

जुनी_टेप
हलवा, थांब! त्या कॅसेट लावल्यास का? लावू नकोस. आधी कडेचं बटण दाबून पुढची झडप उचल आणि उजेडात टेपची कड बघ. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, मुंबईच्या दमट हवेत हमखास धरते. तशीच मशीनमध्ये घातलीस तर ती हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसते, मग त्यात जी कॅसेट घालशील तिला लागते. आधी साफ करून घ्यावी लागते. कॅसेट उभ्या ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाक. आणि हो, मधल्या जाहिराती, बातम्यांचा तुकडा, निवेदिका, काही कापू नकोस. मालिका कदाचित दुसरीकडे मिळेल, निवेदिका त्या दिवशी काय म्हणाली ते नाही मिळणार.

माहीमचा हलवा
झडप उचलली. आहे भुकटी. एका कडेला आहे, दुसऱ्या कडेला नाही. ताईला फोन केला तर ती रडायलाच लागली, तिच्या सासरी आता कोणाला सांगून कळणार नाही म्हणे की मी गोट्यासाठी शाळेतून पळत यायचे.

सावरकर मार्ग
तुम्ही सगळे लिहिताय म्हणून मीही लिहिते. आमचे हे हौशी नट होते, दूरदर्शनवरच्या एका नाटकात दोन प्रवेशांचं काम केलं होतं. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. माझ्याकडे आहे तो एक फोटो. माझ्या दिराने टीव्हीसमोर कॅमेरा ठेवून काढलेला. त्याने आधी कुठेतरी वाचून घेतलं होतं की फ्लॅश मारायचा नाही, खोलीतले दिवे बंद करायचे आणि शटर हळू ठेवायचं, नाहीतर मध्ये काळा पट्टा येतो. आला नाही पट्टा. हे दाराशी उभे आहेत, हातात छत्री, पडद्याची कड गोल असल्यामुळे दार वाकलेलं दिसतं. आवाज मात्र कुठेच नाही. नातवंडं विचारतात आजोबा बोलायचे कसे. मी एका कार्यालयात पत्र दिलं होतं, उत्तर आलं नाही. नाटकाची तारीख मला आठवत नाही, त्यांच्या वहीतही नाही.

सुगरण_८२
आजी, वाचून हात थांबला. तुमच्या दिरांचं देव भलं करो, केवढं जपून काढलाय फोटो.

ग्रंथपाल_दादर
आजी, नमस्कार. तारीख सापडू शकते. तेव्हा वर्तमानपत्रांत रोज टीव्हीचे कार्यक्रम छापून यायचे, वेळेसकट, नाटक असेल तर नावही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी वर्तमानपत्रं बघता येतात का विचारा, साल आणि महिना अंदाजे माहीत असेल तर फाइल चाळणं सोपं. दुसरं, त्यांच्या कागदांत मानधनाचं पत्र किंवा करारपत्र आहे का बघा, त्यावर रेकॉर्डिंगची तारीख असते. नुसतं 'जुनं नाटक' म्हणून शोधायला सांगितलं तर कोणी हलत नाही, तारखेसकट मागितलं तर निदान रजिस्टर उघडतात. तुम्हाला जाणं जमणार नसेल तर मी बघते, मी जवळच असते.

सावरकर मार्ग
मानधनाचं पत्र! ट्रंकेत त्यांचे कागद आहेत, मी उघडलेच नाहीत कधी. साल ७९ किंवा ८०, पावसाळा होता हे नक्की, छत्री आमचीच नेली होती. बाळ, तू खरंच बघशील?

ग्रंथपाल_दादर
हो आजी. शनिवारी. नाटकाचं नाव मला व्यनि (खासगी निरोप) करा.

लोकल_८.१२
मला राग याचा येतो की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रामायण परत लागलं, महाभारत लागलं, सगळ्या देशाने बघितलं, छान झालं, पण आपल्या मराठीतलं ७० च्या दशकातलं काय? साप्ताहिकी, प्रतिभा आणि प्रतिमा, आमची माती आमची माणसं. मोठमोठे लेखक, गायक समोर बसून बोललेत प्रतिभा आणि प्रतिमामध्ये. प्रसार भारती अर्काइव्हजच्या यूट्यूबवर काही काही येतं ते मी बघतोच, अजून येऊ दे. गाडी आली, बाय.

टू_इन_वन
कोणी आवाजाबद्दल लिहिलं नाही म्हणून. माझ्या काकाने टीव्हीपुढे टू-इन-वन (रेडिओ आणि टेप रेकॉर्डर एकत्र) ठेवून गजऱ्याचे आवाज टेप केले होते, साधी ऑडिओ कॅसेट. मध्ये कुकरची शिट्टी आहे, आजी "हळू रे" म्हणते, कोणीतरी दार वाजवतं. नाटुकलं मात्र पूर्ण ऐकू येतं. जुनी_टेप काका, याला काही किंमत आहे का?

जुनी_टेप
किंमत? अरे डॉक्टर हूच्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज आहे तो असाच, प्रेक्षकांनी घरी टेप केलेला! त्यावरून लोकांनी नंतर चित्रं करून भाग पुन्हा उभे केले. तुझी कॅसेट आधी पुढे-मागे एकदा फिरवून घे, मग कॉम्प्युटरवर उतरव, शिट्टीसकट. आणि सावरकर मार्ग आजींनो, तेव्हा हे पुष्कळ घरी करायचे. तुमच्या नातेवाइकांत टेप रेकॉर्डर कोणाकडे होता ते आठवा.

सावरकर मार्ग
नणंदेकडे होता. फिलिप्सचा. आत्ता लावते पुण्याला फोन.

गिरगावची पोर
आई आली!!! ऐका. रेकॉर्डिंग वार्षिक परीक्षा झाल्यावर झालं, आणि दाखवलं तेव्हा ती राजापूरला मामाकडे होती, तिथे टीव्ही कुठला. म्हणून बघितलं नाही! म्हणजे टेप होती ना काका? आणि मे महिना, सुट्टी लागल्यापासून जूनच्या आत. साल चौथीच्या प्रगतीपुस्तकावरून कळेल, ते आजीने ठेवलंय. ग्रंथपालताई, मीपण शनिवारी येऊ का?

जुनी_टेप
होती. पुसली की राहिली ते नाही सांगता येणार, पण होती. तारीख काढ, मग अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.

ग्रंथपाल_दादर
ये की. सकाळी लवकर ये आणि मास्क आण, जुन्या कागदाच्या धुळीने शिंका येतात.

फडकेवाडी
गिरगावची पोर, कुठली चाळ गं? माझी आत्या त्याच सुमारास किलबिलला गेली होती, तिच्या शाळेची बसच होती. तिला सांगते, त्या मुलींचा एक ग्रुप आहे व्हॉट्सअपवर.

गिरगावची पोर
व्यनि बघा पटकन!!

माहीमचा हलवा
चालू स्थितीतला व्हीसीआर कोणाकडे आहे का? लॅमिंग्टन रोडला एक जण साफ करून देतो म्हणाला पण मशीन तुमचं आणा म्हणतो.

टॉवरखालची
आमच्याकडे आहे, बाबांनी प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलाय, रिमोट नाही. रविवारी येऊन घेऊन जा, पण हेड साफ करूनच परत आण हो.