घरातून गोधड्या शिवून देण्याचं काम : ऑर्डरी, जागा आणि घरचं वेळापत्रक कसं बसवायचं?

उभाधागा

गिऱ्हाइकांच्या जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या घरी शिवून देते. सगळा धावदोरा हाताचा. मापं तीन : दुपटं ३६ × ३६ इंच, सिंगल ६० × ९०, डबल ९० × १००. सहावारी साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडले की डबलचा एक थर जेमतेम निघतो, म्हणून डबलला चार साड्या मागते.

घर वन बीएचके. मुलगा तिसरीत, सकाळची शाळा. मुलगी अडीच वर्षांची. नवऱ्याची शिफ्ट बदलती. सासूबाईंचा टाका सुरेख आहे, पण उजेड गेला की त्यांना दिसत नाही.

काम येतंय, पण घर आणि काम एकमेकांच्या पायात येतंय. अंथरलेली गोधडी हॉलमध्ये दोन-दोन दिवस पडून राहते, जेवायला बसायला जागा नाही. दिलेली तारीख पाळता येत नाही. मुलगी फिरती असल्यामुळे सुयांची धास्ती. मशीन घेतलं तर सुटेल का हे सगळं? आणि दर कसा ठरवावा?

काठपदर

तारीख चुकते कारण आपण "एक गोधडी" असं मोजतो. ताई, रांगा मोजा.

धावदोऱ्याची एकेक ओळ म्हणजे एक रांग. एक-एक इंचावर रांगा घातल्या तर सिंगलला ९० इंची ५९ रांगा येतात. एकूण ५,३१० इंच, म्हणजे १३५ मीटर शिवण. डबलला १०० इंची ८९ रांगा, २२६ मीटर. दुपट्याला ३६ इंची ३५ रांगा, ३२ मीटर. एक डबल म्हणजे सात दुपटी! गिऱ्हाइकाला ते "थोडंसं मोठं" वाटतं आणि आपणही बोलण्यात वाहवत जातो.

आता घड्याळ लावून तीन रांगा घाला, एक सकाळी, एक दुपारी, एक रात्री. सराईत हाताला ९० इंची रांग साधारण वीस मिनिटं घेते. त्या हिशेबाने सिंगलची नुसती शिलाई वीस तासांची. फॉल उसवणं, कापणं, जोडणं, कच्चे टाके आणि कडेची पट्टी यांचे पाच तास धरून पंचवीस. रोज तीन तास आणि आठवड्यातून पाच दिवस मिळत असतील तर आठवड्याच्या ४५ रांगा होतात, पण वहीत ३५च धरा. उरलेल्या दहा तापासाठी, पाहुण्यांसाठी आणि पालकसभेसाठी. हिशेबाला आठवड्याचे दिवस कधीही सात धरू नका.

तारीख साड्या हातात आल्यापासून मोजायची नाही, आधीच्या ऑर्डरींच्या रांगा संपतील तिथून मोजायची. वहीत आधीच्या १२० रांगा बाकी असतील तर नव्या सिंगलला हात साडेतीन आठवड्यांनी लागणार. हे फोनवरच सांगून टाकायचं. निम्मे पैसे आगाऊ.

दर यातूनच निघतो. तासाला ६० रुपये धरले तरी सिंगल १,५०० आणि दोरा वेगळा. डबलची शिलाई ३३ तास, वरची कामं सहा, म्हणजे २,३४०. कोणी "जरा दाट टाके घाला" म्हणालं तर पाऊण इंचाला ५९च्या ७९ रांगा होतात. एक तृतीयांश काम वाढलं, तेवढाच दर वाढला पाहिजे. इथेच बहुतेकींचे पैसे बुडतात.

नाडीबंडल

जागेचं बोलते. गोधडीला पूर्ण फरशी एकदाच लागते, कच्चे टाके घालताना. तुमच्याकडे ती दोन दिवस पसरलेली राहते याचा अर्थ कच्चे टाके विरळ पडताहेत आणि उचलली की थर सरकतात.

खालचा आणि मधले थर वरच्यापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठे कापा. खालचा थर उलटा अंथरून कडा मास्किंग टेपने फरशीला चिकटवा. ताणायचा नाही, फक्त सपाट. मग एकेक थर मधून कडेकडे तळव्याने सारत बसवा. कच्चे टाके मध्यापासून चारी कोपऱ्यांकडे, नंतर वीतभर अंतराने आडवे-उभे. टाका दोन इंची चालतो, दोरा उठून दिसणारा. कडेपासून सुरुवात केली तर कापड मध्ये जमतं आणि फुगा येतो. तो वरून दिसत नाही, खाली चुणी होऊन शिवला जातो आणि मग पाच रांगा उसवायच्या.

दोघींना सिंगलला दीड तास पुरतो. तेव्हा रविवारी सकाळी न्याहारीनंतर फरशी अडवा, येणाऱ्या पंधरवड्याच्या गोधड्या लागोपाठ कच्च्या करून घ्या आणि जेवणाच्या आत हॉल मोकळा. त्यानंतर गोधडी दोन्ही टोकांकडून गुंडाळून नाडीने बांधायची आणि मधली हातभर पट्टी तेवढी उघडी ठेवायची. काम मांडीवर मावतं, मध्ये उठावं लागलं तर गुंडाळी कपाटावर. शिलाई मधल्या रांगेपासून कडेला न्या. पावसाळ्यात सेफ्टी पिना लावून ठेवू नका, गंजाचा डाग साडीवरून सहज जात नाही.

(कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना उलट कडेपासून आत आत येतात. तिथे तुकडे शिवता शिवताच बसवत जातात, म्हणून ते साधतं. अखंड साडीच्या थरांना मधूनच.)

खिडकीपाशी

मशीनचं : घ्या, पण साड्या जोडायला आणि कडेची पट्टी मारायला. मधले धावदोरे त्यावर नकोत. घरगुती मशीनच्या सुईपासून उजव्या खांबापर्यंत जेमतेम वीतभर जागा असते, चार थरांच्या डबलची गुंडाळी त्यात कोंबताना हात भरून येतात. वरचा थर पायाखाली पुढे ढकलला जातो, खालचा दाते ओढतात, शेवटी एका टोकाला कापड उरतं. वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा पाय), १६ नंबरची सुई आणि तीन-साडेतीन मिलिमीटरचा टाका ठेवला तर दुपटी नीट होतात. शिवाय नवरा रात्रपाळी करून दुपारी झोपलेला असेल तर मशीन बंदच.

सुया : चालू सुया तीनच, डबीला आत लोहचुंबक, आणि उठण्याआधी तीन मोजायच्या. सुई कधीही बिनदोऱ्याची ठेवू नका. वीतभर लाल दोरा असलेली सुई सतरंजीवर सापडते, नुसती पायात सापडते. रंगीत डोक्याच्या टाचण्या अडीच वर्षांच्या मुलीच्या घरात आणूच नका, त्या तिला गोळ्याच वाटणार. गोधडी देण्याआधी दोन्ही अंगांनी चुंबक फिरवा. मोडलेलं टोक आत राहिलं असेल तर तिथे अडकतं.

उभाधागा

रांगांचा हिशेब करून पाहिला, घेतलेल्या ऑर्डरींच्या २६० रांगा निघाल्या! काही तारखा आजच फोन करून पुढे ढकलते.

आणखी दोन गोष्टी. सासूबाई आणि मी एकाच गोधडीवर बसलो की टाक्यांतला फरक दिसतो. आणि विरलेल्या साड्या येतात, त्यांचं काय करायचं?

काठपदर

अर्धी त्यांनी, अर्धी तुम्ही असं करू नका. एकीचा हात घट्ट असला तर गोधडी त्या बाजूला आखडते आणि चौकोन तिरका होतो. एकाआड एक रांगा वाटून घ्या. ओढ सगळीकडे सारखी पसरते आणि फरक नजरेला लागत नाही. त्यांना दिवसाचा उजेड द्या : खिडकी डाव्या हाताला आणि गडद साडीवर पांढरा दोरा. फॉल उसवणं आणि दिवसभराच्या सुया ओवून ठेवणं त्यांच्याकडे आलं तरी रोजचा अर्धा तास वाचेल. गडद कापड रात्रीला ठेवू नका, रांगा वाकड्या जातात.

नाडीबंडल

साडी घेतानाच गिऱ्हाइकासमोर आडवी-उभी ओढून बघा. चर्र आवाज आला तर ती मधल्या थरात, वर नाही. दोरा सुतीच वापरा. विरलेल्या सुताला पॉलिस्टरचा दोरा कापत जातो आणि दोन-चार धुण्यांत रांगेच्या रेषेवर साडी फाटते. ठपका मग शिलाईवर.

लाल, निळ्या, काळ्या साड्यांवर ओला पांढरा फडका ठेवून इस्त्री फिरवा. रंग उतरला तर वेगळी धुऊनच घ्यायची. गिऱ्हाइकाने अस्तराला कोरं कापड दिलं तर तेही आधी भिजवून वाळवा. साडी आटून बसलेली असते, कोरं कापड पहिल्या धुण्याला आटतं आणि सगळी गोधडी चुरगळते. जॉर्जेट किंवा शिफॉन मधल्या थरात घेऊच नका, सरकतं. आईची म्हणून आग्रह असेल तर तिचा तुकडा सुती थरावर ठिगळासारखा लावून द्या.

साड्या धुऊन आणायची अट ठेवा, जून ते सप्टेंबर तर नक्कीच. वन बीएचकेत पावसाळ्यात चार साड्या वाळत घातल्या की मुलांचे गणवेश कुठे घालणार? जाड गोधड्यांची मागणी दिवाळीच्या आधीपासून चढते आणि गौरी-गणपतीत शिवायला बसणं होत नाही, म्हणून तो आठवडा वहीत आधीच कोरा सोडा आणि जुलै-ऑगस्टच्या ओल्या दिवसांत आधी धुतलेल्या साड्यांच्या रांगा उरकून घ्या.

खिडकीपाशी

डबल घेतल्यावर आगाऊ सोडून बाकीचे पैसे महिनाभर हातात येत नाहीत, म्हणून दर दोन मोठ्या ऑर्डरींमध्ये दोन-तीन दुपटी ठेवा. एक दुपटं कापण्यापासून पट्टीपर्यंत सहा तासांत होतं, मुलगी झोपली की तुकड्यातुकड्याने उरकतं आणि फरशी लागत नाही. त्याला मऊ पडलेल्या साडीचाच थर घ्या, जरीचा काठ असेल तर कापून टाका. दोऱ्याची गाठ वर दिसू देऊ नका, टचकन ओढून दोन थरांच्या मध्ये घ्या. वर राहिलेल्या गाठीत आणि लांब टाक्यांत बाळाची बोटं अडकतात, म्हणून दुपट्याचा टाका पाव इंचाच्या आत.