प्रतिसाद: हांक्यूने आधी प्रवासी तयार केले

वर कुणीतरी म्हटलंय की जपानमधल्या खासगी रेल्वे आधी तिकिटांवर गब्बर झाल्या आणि मग इतर धंद्यांत उतरल्या. ओसाकाच्या हांक्यू या खासगी रेल्वे कंपनीच्या बाबतीत तरी हे उलटं आहे.

1910 मध्ये ही गाडी ओसाकातल्या उमेदाहून ताकाराझुका या गावाला धावू लागली तेव्हा वाटेत बहुतेक शेतंच होती. बसणार कोण? कंपनी उभी करणारा कोबायाशी इचिझो हा पूर्वाश्रमीचा बँकवाला. त्याने मार्गालगतच्या जमिनी आधीच घेऊन ठेवल्या होत्या. वाटेतल्या इकेदाला घरं बांधली आणि ती पगारदारांना 10 वर्षांच्या हप्त्यांवर विकली. म्हणजे रोजचा प्रवासी घरासकट तयार!

उलट दिशेच्या, सुट्टीच्या गर्दीसाठी ताकाराझुकाला गरम पाण्याचं स्नानगृह काढलं. तिथला बंदिस्त तरणतलाव मात्र सपशेल आपटला, पाणी फारच गार. मग त्यावर फळ्या टाकून प्रेक्षागृह केलं आणि 1914 मध्ये मुलींच्या संगीत नाटकांचे प्रयोग सुरू केले. ते आजही चालू आहेत, आणि सगळ्या भूमिका बायकाच करतात.

1929 चं उमेदा स्टेशनातलं डिपार्टमेंट स्टोअर मला सगळ्यात धूर्त वाटतं. आधी तळमजला दुसऱ्या दुकानाला भाड्याने देऊन गिऱ्हाईक जोखलं, मग स्वतः उतरले. मंदीत त्यांच्या उपाहारगृहात नुसता भात मागवून त्यावर टेबलावरचा सॉस ओतून खाणारेही येत. कोबायाशीने त्यांचंही स्वागतच केलं.

बाकी तोहो ही चित्रपट कंपनीही त्याचीच. रेल्वे अरिमा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावापर्यंत न्यायचा मूळ बेत मात्र कधीच पुरा झाला नाही.