मदत हवी आहे: लिलावातल्या स्टोरेज युनिटमधली पत्रं परत कशी द्यावीत?

नमस्कार मंडळी, मी सॅन होजेला राहते. एका लाकडी कपाटासाठी लिलावात स्टोरेज युनिट, म्हणजे कुणीतरी भाड्याने घेतलेल्या खोलीतलं सामान, घेतलं. आत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लग्नाचे फोटो, बाळाचं झबलं आणि निळ्या शाईतली पत्रं निघाली. पत्रांवर नुसती पहिली नावं.

कॅलिफोर्नियात 14 दिवस भाडं थकलं की नोटीस निघू शकते, पुढे लिलाव. थकबाकी आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे भाडेकरूचे. वर्षभरात मागितले नाहीत तर काउंटीकडे (जिल्हा प्रशासनाकडे) जातात. पैशांची सोय आहे, पत्रांचं काय? तो माणूस दवाखान्यात असेल, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असेल. मला झोप लागत नाहीये.

स्टोरेजचे ऑफिसवाले भाडेकरूचं नाव देत नाहीत. बंद पाकीट त्यांच्यामार्फत पाठवता येईल का? कुणी असं काही परत पोचवलंय का? कृपया सांगा.