पोर्तुगाल ‘शांतताप्रिय’ कधी झाला? उर्फ युनोत घेतं कोण

ओसरीवरचा

परवा इथेच एका लेखात वाचलं : ‘दीडशेच्या आसपास देशांनी पॅलेस्टाईनला मान्यता देऊनही युनोचं पूर्ण सदस्यत्व मिळत नाही, म्हणजे अर्जातच काहीतरी खोट असणार. युनो शेवटी नियमाने चालते.’ खाली ‘सुंदर माहिती’, ‘लिहीत राहा’ वाल्यांची रांग. तिथे लिहिलं असतं तर प्रतिसाद लेखापेक्षा मोठा झाला असता, म्हणून वेगळा धागा.

१८ एप्रिल २०२४. सुरक्षा परिषदेत पॅलेस्टाईनच्या बाजूने १२, तटस्थ २, विरोधात १. तो एक अमेरिका, म्हणजे व्हेटोवाल्या पाच कायम सदस्यांपैकी; त्यांतल्या एकानेही नाही म्हटलं की ठराव पडतो. विषय संपला, आमसभेकडे शिफारस गेलीच नाही. यात अर्जातली खोट कुठे आली?

आणि नियमाचंच म्हणाल तर युनोच्या सनदेचं कलम ४ म्हणतं की देश शांतताप्रिय हवा. आता आपल्या दारातलं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, विसाहून जास्त माणसं मेली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला पोर्तुगाल युनोत. चार महिन्यांत कुठल्या यंत्रावर यांची शांतताप्रियता मोजली?

कुठल्याच नाही. सौदा झाला. १९४६ पासून रशिया पोर्तुगाल, आयर्लंड वगैरेंचे अर्ज व्हेटोने पाडत होता आणि अमेरिकेचा गट हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, अल्बेनियाला पुरेशी मतं पडू देत नव्हता. शेवटी कॅनडाने पुढाकार घेऊन अठरा देशांची मोट बांधली. १३ डिसेंबरला चँग कै शेकच्या चीनने (म्हणजे तैवानमधल्या सरकारने, चीनची खुर्ची तेव्हा त्याच्याकडे होती) मंगोलियावर व्हेटो मारला. रशियाने चिडून समोरच्या गटातले सगळे पाडले. दुसऱ्या दिवशी रशियाच म्हणाला, मंगोलिया आणि जपान दोघेही बाहेरच राहू द्या, बाकीचे सोळा घ्या. घेतले! हापूसच्या पेटीत तळाला नासका आंबा जावा तसा पोर्तुगाल त्या सोळांत गेला.

आणि आत गेल्यावर पहिलं काम काय केलं? २२ डिसेंबरला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर खटला. का, तर चहूबाजूंनी भारत असलेल्या आमच्या दादरा-नगर हवेलीत आम्हाला जाऊ देत नाहीत. आत येऊन आठ दिवस झाले होते.

पंतोजी

लेख वाचनीय, निष्कर्ष अर्धवट. हाच प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे १९४८ मध्ये गेला होता. ‘अमक्याला घेतलंत तरच तमक्याला मत देईन’ अशी अट सदस्याला घालता येत नाही, असं न्यायालयाने ९ विरुद्ध ६ मतांनी सांगितलं. तेव्हा सौदा ‘नियमाने’ झाला असं कोणीच म्हणत नाही. पण राजकारण होतं म्हणून नियमच नाहीत, हेही खरं नाही. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला आणि १४ जुलैला १९३वा सदस्य झाला. पाच दिवस. बहुतेकांच्या बाबतीत यंत्रणा अशीच निमूट चालते. तुम्ही अडकलेलीच प्रकरणं मोजता.

ओसरीवरचा

न्यायालयाने १९४८ ला ‘असं करू नका’ सांगितलं आणि १९५५ ला तेच घाऊकीत केलं. माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात, आभार. दक्षिण सुदानबद्दल पाचांपैकी कोणालाच दुखत नव्हतं, म्हणून पाच दिवस. बांगलादेशबद्दल चीनला दुखत होतं. ऑगस्ट १९७२ ला व्हेटो आणि प्रवेश थेट सप्टेंबर १९७४ ला. बांगलादेश त्या दोन वर्षांत जास्त शांतताप्रिय झाला होता काय?

आणि सुरुवातीचं तर विचारूच नका. युनो जिथे स्थापन झाली त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेचं बोलावणं हवं तर १ मार्च १९४५ च्या आत जर्मनी किंवा जपानविरुद्ध युद्ध पुकारलेलं असावं, अशी अट होती. तुर्कस्तान आणि इजिप्तने घाईघाईने फेब्रुवारीत युद्ध पुकारलं. शांततेच्या संस्थेत शिरायला युद्धाचा दाखला!

खडूस

सगळं सांगितलंत, एक सोडून. त्या अठरा देशांच्या ठरावावर आमसभेत भारताने काय केलं? ५२ विरुद्ध २. विरोधात फक्त चँगचा चीन आणि क्यूबा. तटस्थ पाच : अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम, ग्रीस, इस्रायल. भारत कुठे होता? त्या ५२ मध्ये! गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीचं रक्त वाळलं नव्हतं आणि आपले शांतिदूत पोर्तुगालसाठी हात वर करत होते. यावर मौन का?

ओसरीवरचा

मौन कसलं, येणारच होतो त्यावर. त्याच मोटेत नेपाळ होता, सिलोन (आजचा श्रीलंका) होता. सिलोनला रशियाने १९४८ पासून बाहेर ठेवलं होतं. सगळ्यांना आत घ्या, अगदी लाल चीनलाही, ही आपली भूमिका होती. ती घेऊन ‘फक्त पोर्तुगाल नको’ म्हणायला तोंड राहिलं नसतं.

खडूस

तोंड! तोंड राहावं म्हणून माणसं मेलेली विसरायची. छान.

साळगावची सून

गोव्याबाहेरची मंडळी गोव्यावर भांडताना बघून मजा येते. दोन गोष्टी.

पोर्तुगाल बाहेर राहिला असता तर त्याला जाब कोण विचारणार होतं? आत आल्यावर १९५६ मध्येच सरचिटणीसांचं पत्र गेलं : कलम ७३ प्रमाणे तुमच्या ताब्यात परतंत्र प्रदेश आहेत का? उत्तर : नाहीत, ते आमचे सागरापलीकडचे प्रांत आहेत. कारण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९५१ लाच घटना बदलून वसाहतींना प्रांत करून ठेवलं होतं. हा खोटेपणा चार वर्षं दरवर्षी चव्हाट्यावर आला आणि १५ डिसेंबर १९६० ला आमसभेने ठरावात यादीच दिली : अंगोला, मोझांबिक... आणि गोवा. हे परतंत्र प्रदेश आहेत, माहिती द्या. बाहेरच्याला असं कोण बांधतं?

दुसरी गोष्ट. ऑगस्ट ५५ नंतर हद्द बंद झाली त्याचं तुम्ही कोणी लिहिणार नाही. माझ्या आजेसासूचं माहेर सावंतवाडी. वडील गेले ते तिला कळलं कधी, तर मुंबईहून बोटीने आलेल्या कोणाच्या तरी नातेवाइकाने सांगितलं तेव्हा. इकडे घाटावरचे बटाटे-कांदे बंद, आणि बाजारात हॉलंडचे बटाटे. ती म्हणायची, दिसायला गोरे नि शिजले की मेण. भारताने पोर्तुगालची कोंडी केली म्हणता, जेवणाऱ्यांची झाली.

अधिक-उणे

पॉपकॉर्न संपलं, नवं घेऊन येतो. तोवर एक भर. ज्या व्हेटोला ओसरीवरचे शिव्या घालताहेत, त्यानेच १८ डिसेंबर १९६१ ला आपल्याला वाचवलं. लष्कर गोव्यात शिरलेलं, ‘मागे घ्या’ हा ठराव सुरक्षा परिषदेत, बाजूने ७, विरोधात ४. परिषद तेव्हा अकराची होती आणि सात मतं पुरायची. रशियाचं मत त्या चारांत नसतं तर ठराव मंजूर होता. व्हेटो वाईट, पण आपला असला की गोड.

ओसरीवरचा

बरं, व्हेटो गोड. खूश? पण यात व्हेटोचं कौतुक कमी आणि रशियाचं जास्त आहे. दुसऱ्याच्या हातातलं हत्यार एकदा आपल्या बाजूने चाललं म्हणून ते न्याय्य ठरत नाही.

गोदाकाठ

गोवा-गोवा चाललंय. आमच्या हैदराबादचं कोणी नाव घेईल का? निजामाने ऑगस्ट १९४८ मध्ये भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेत तक्रार केली होती. युनोचा सदस्य नसताना! मराठवाड्यात रझाकार गावं जाळत होते आणि निजामाचं शिष्टमंडळ पॅरिसला. युनोचा विषय निघाला की काश्मीर आणि गोवा, मराठवाडा कोणाच्या खिजगणतीत नाही. नेहमीचंच.

बांद्याचा नातू

आजेसासूंच्या बटाट्यांबद्दल आदर राखून लिहितो. माझे आजोबा १५ ऑगस्टच्या तुकडीत होते. पाऊस, घोट्यापर्यंत चिखल. गोळीबार सुरू झाला तसे सगळे आडवे पडले. शेजारच्याच्या खांद्यात गोळी गेली होती. आजोबांनी डोक्यावरची गांधी टोपी काढून जखमेत कोंबली आणि तळहाताने दाबून धरली. नंतर बंदुकीच्या दस्त्याचा फटका बसला तो डाव्या कानावर, तो कान कायमचा गेला.

पुढे पेन्शनसाठी अर्ज केला तर एका कचेरीत तुरुंगवासाचा दाखला मागितला. तुरुंगात गेलोच नाही, मारून हाकलून दिलं, म्हणाले. मग गोळी लागल्याचा डॉक्टरी दाखला आणा. गोळी शेजारच्याला लागली होती. कारकून म्हणाला, मग शेजारच्याला घेऊन या. शेजारचा केव्हाच वारला होता. तेव्हा पोर्तुगाल शांतताप्रिय होता की नाही यावर कायद्याचा कीस पाडणाऱ्यांनी माफ करावं, आमच्या घरात त्याचं उत्तर ठरलेलं आहे.

खडूस

दंडवत तुमच्या आजोबांना. आणि आज त्याच गोव्यातली पोरं त्याच पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी रांगा लावतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी आजी-आजोबा तिथे जन्मले की झालं, लिस्बनला जन्म नोंदवायचा आणि उडायचं. मुक्ती कशासाठी केली मग?

साळगावची सून

आलंच हे. रोजगार तुम्ही देणार आहात का? खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाल्यांचे हप्ते तुम्ही भरलेत का? पुण्या-मुंबईची पोरं अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं ताटकळतात ती कर्तबगार, आणि आमची पोरं आजोबाच्या कागदावर गेली की देशद्रोही?

खडूस

ग्रीन कार्डवाल्यांच्या आजोबांवर अमेरिकेने गोळ्या झाडल्या नव्हत्या, ताई.

स्विंडनचा

मी त्या ‘उडालेल्यां’पैकी. माहितीसाठी : कागद सोपा नाही. आजोबांच्या जन्मनोंदीत नाव एका प्रकारे, लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या, आणि बापाच्या शाळेच्या दाखल्यात तिसऱ्या. हे सगळं जुळवायला जन्म जातो आणि वकील खिसा रिकामा करतो. इथे इंग्लंडात स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो, घरी पैसे पाठवतो. भारताचं नागरिकत्व सोडताना आईसमोर बोलायची हिंमत नव्हती, फोनवर सांगितलं. खडूसराव, तुम्ही एकदा ते करून बघा, मग टोमणे मारा.

आणि एक. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या अखेरीस, सालाझारवाद्यांची सत्ता गेल्यावर. १३ वर्षं ते गोवा आपलाच धरून बसले होते. माझा पासपोर्ट त्या हट्टाचं व्याज आहे असं समजा.

खडूस

व्याज घ्या हो, मुद्दल कोणाचं होतं तेवढं लक्षात ठेवा. रात्रपाळीबद्दल बोललो नव्हतो. ते शब्द मागे, बाकीचे नाहीत.

बांद्याचा नातू

माझा मावसभाऊ लिस्बनमध्ये आहे. आजोबांनीच त्याला सांगितलं होतं, जा. त्यामुळे माझ्या आजोबांचा खांदा वापरून स्विंडनवाल्यांवर गोळ्या झाडू नका, खडूस.

पंतोजी

धाग्याचं काश्मीर झालंच आहे, तर राहिलेलं लिहून टाकतो. दादरा-नगर हवेलीचा खटला ओसरीवरच्यांनी अर्धाच सांगितला. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा घेणाऱ्यांत आपले सुधीर फडके होते हे इथे सगळ्यांना पाठ असतं, निकाल कोणालाच नसतो. १२ एप्रिल १९६० : खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट देण्याचा पोर्तुगालचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांना नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती आपल्या अधिकारात. म्हणजे युनोत शिरून पोर्तुगालने जे हत्यार उपसलं ते त्याच्याच कामी आलं नाही. सदस्य करून घेण्याचा हाच फायदा : भांडण चौकटीत येतं.

ओसरीवरचा

मग पॅलेस्टाईनचं भांडणही चौकटीत आणा की. नोव्हेंबर २०१२ पासून निरीक्षक राष्ट्र म्हणून बाजूला बसवलंय. ‘आत घेतल्याने देश सुधारतो’ हे तुमचं तत्त्व पोर्तुगालला लागू, त्यांना नाही?

पंतोजी

तत्त्व लागू आहे. अंमल पाच जणांच्या हातात आहे. एवढं तुमचं मान्य, फार नाचू नका.

गोदाकाठ

माझ्या हैदराबादला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

पंतोजी

देतो. कलम ३५ प्रमाणे सदस्य नसलेल्या राष्ट्रालाही वाद परिषदेपुढे नेता येतो. निजामाने तीच फट वापरली. भारत म्हणाला, हैदराबाद मुळात राष्ट्रच नाही. परिषदेने १६ सप्टेंबरला विषय घेतला तेव्हा आपलं लष्कर आत शिरून तीन दिवस झाले होते. १७ ला शरणागती, २२ ला निजामाने तक्रार मागे घेतली. हैदराबाद राष्ट्र होतं की नव्हतं, यावर परिषदेने निर्णय दिलाच नाही. विषय मात्र कामकाजाच्या यादीत वर्षानुवर्षं पडून राहिला.

गोदाकाठ

म्हणजे आमच्यावर निकालसुद्धा नाही. गोव्याला निदान सात विरुद्ध चार तरी मिळालं.